थर्माकोलची चार दारं

मासळीच्या खोक्यांचं थर्माकोल मी माझ्या गाडीच्या चारही दारांत ठासून भरलं. शुद्धीवर होतो, कुणी भरीस घातलं नव्हतं.

घातलंच असेल तर साडूंनी, तेही नकळत. ते तलासरीला राहतात. त्यांनी गाडीला आवाज दाबणारी शीट लावून घेतली आणि आमची बायको एकदा त्यांच्या गाडीत काय बसून आली, "ताई मागं बसून हळू बोलली तरी पुढं ऐकू येतं हो," हे मला आठवडाभर ऐकवत राहिली. आमच्या गाडीत तर तेही ओरडून. त्यात सासूबाई तलासरीहून आमच्याकडे डहाणूला राहायला यायच्या होत्या. दर वेळी साडूच आणून सोडतात. या वेळी मी जाहीर केलं, आणायला मी जाणार, आणि माझी गाडी त्यांच्याहून शांत असणार.

डहाणू रोडच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानदारानं पत्र्याचे दोन तुकडे पुढ्यात ठेवले. साध्यावर टिचकी मारली, ठण्ण. काळी शीट चिकटवलेल्यावर मारली, थप्प.

"शेठ, ही पत्र्याची थरथर मारते. वरून फोम लावा, उरलेला आवाज तो गिळतो. तुमच्या तलासरीच्या साडूंनी हेच नेलं."

तिथंच बिनसलं. साडूंची उष्टी शीट मी कशाला लावू?

रविवारी चिंचणीला मासळी घ्यायला गेलो. नेहमीच्या मावशींच्या खोक्यात सकाळचा बर्फ दुपारपर्यंत तसाच होता. मी विचार केला, ज्यातून एवढं ऊन आत शिरत नाही, त्यातून आवाज काय शिरणार? फुटकी खोकी मागितली.

"ने बाबा, पण नीट धुऊन घे," मावशी म्हणाल्या.

धुतली. माझ्या मते नीट.

दारांची आतली पॅनलं काढली, तुकडे कोंबले, पॅनलं परत बसवली. बाहेरून टिचकी मारली, थप्प. त्या थप्पवर मी दोन दिवस खूश होतो.

मग तलासरीला निघालो, बायको शेजारी. पहिल्याच खड्ड्यात चारही दारं एकदम किरकिरली. थर्माकोल थर्माकोलवर घासलं की दात आंबतात, ते मी विसरलो होतो. चारोटीला हायवेला लागेपर्यंत ऊन चढलं आणि वास उठला. एसी तो वास इमानदारीनं सगळ्या गाडीत वाटत होता.

"अहो, काच खाली घ्या."

घेतली. बोटभर उतरली आणि अडकली. काच उतरते ती दाराच्या पोटात, आणि ते पोट मी भरून ठेवलं होतं.

तलासरीत साडूंनी स्वतः पॅनलं उघडली आणि एकेक तुकडा काढून अंगणात रचला. नाक दाबलं नाही, हसलेही नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

"साडू, एकदा विचारायचं ना. माझ्याकडे शीट उरलीय, नेता?"

मी नको म्हणालो. अजून नकोच म्हणतोय.

सासूबाई पिशवी घेऊन सरळ साडूंच्या गाडीत बसल्या. मागोमाग बायकोही. साडूंनी दार लावलं, थप्प. मग त्यांची काच सरसर खाली आली. सासूबाईंनी अंगणातला ढीग पाहिला, मग मला.

"जावईबापू, एवढी खोकी आणलीत, त्यात मासळी तरी आणायची."