बारा जॅकेटांचे खिसे

टाचणीमावशी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत नसे, याचं साधं कारण म्हणजे तिच्या तोंडात टाचण्या असत. सकाळी शटर वर गेलं की सहा टाचण्या ओठांत जात, त्या जेवायच्या वेळीच बाहेर येत. गिऱ्हाईक बोलायचं, मावशी 'हं' म्हणायची. तिच्याकडे सात तऱ्हांचे 'हं' होते आणि गल्लीला सातही पाठ होते. कुणाची कंबर वाढली, कुणाचा शर्ट महिन्यात दुसऱ्यांदा फाटून आला, कुणाला लग्नाआधीच ब्लाउज सैल हवाय, तिला सगळं कळे. बाहेर एक शब्द जात नसे.

"बँकेत ठेवण्यापेक्षा माझ्या बहिणीच्या ओठांत ठेवा," असं तिचा दादा गिऱ्हाइकांना सांगायचा.

दादा दुकानाच्या मागच्या भागात इस्त्री करी. त्याची आधीची नोकरी दारूपायी गेली होती. नऊ वर्षांपूर्वी मावशीनं त्याला त्या टेबलापाशी उभं केलं, तेव्हापासून त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. भावंडं त्याविषयी कधी बोलली नाहीत. टाचण्यांचा तोही एक उपयोग होता.

त्या शुक्रवारी बाराच्या सुमाराला इस्त्री थांबली.

टेबलावर पोहण्याच्या क्लबची बारा निळी जॅकेटं होती. मुलींची टीम चारच्या बसनं तळ्याकाठच्या शिबिराला निघणार होती, दोन दिवसांसाठी. त्यातल्या चौघी आठवडाभरात एकेकट्या येऊन मावशीला सांगून गेल्या होत्या की आत अस्तराला एक खिसा हवा, मोबाईलसाठी, बाहेरून न दिसणारा. मापाचा कागदही कापून आणला होता. मावशीनं जीव ओतून शिवले होते ते खिसे. बाहेरून सुरकुती नाही की टाका नाही.

दादानं एका खिशात हात घातला आणि चटका बसावा तसा बाहेर काढला.

"हे काय शिवलंयस?"

"हं." म्हणजे, खिसा, दिसत नाही का.

"टाचण्या काढ."

आवाज वेगळा होता. मावशीनं टाचण्या काढून उशीत टोचल्या.

"मोबाईलचा आहे तो, दादा."

दादानं आपला मोबाईल काढून खिशात सोडला. तो घसरत बुडाशी गेला आणि आडवा पडला.

"इतका खोल कशाला? आणि खाली ही गोलाई?"

"तसाच कागद दिला पोरींनी. मी मापाबरहुकूम शिवते, वाद घालत नाही."

"अगं, दारूच्या चपटीचं माप आहे हे." दादा जॅकेटाकडे बघत नव्हता. "डोळे बांध माझे आणि शंभर खिसे दे, त्यातला हा मी काढून देईन."

मावशीनं स्वतःच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. दुहेरी होती. वजनानं उसवू नये म्हणून तिनंच आपल्या मनानं घातली होती.

"शिवून टाकते बंद. अत्ता."

"मग मोज्यात नेतील. शाम्पूच्या बाटलीत नेतील. मी कुठे कुठे नेली त्याची यादी देऊ?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला होता. तेवढ्यात दारात बेकरीवाल्याची धाकटी उभी राहिली. तेरा वर्षांची, टीममध्ये नवी, खांदे रुंद आणि मान अजून बारीक. तिच्या बाह्या आखूड करायच्या होत्या.

मावशीनं तिला जॅकेट घातलं, बाही दुमडली. टाचण्या मात्र ओठांत घेतल्या नाहीत. पोरीच्या ते लगेच लक्षात आलं.

"मावशी, टाचण्या?"

"आज बोलायचंय. बाटली आणलीस की कुणी देणार आहे?"

पोरगी हसायला गेली. "कसली बाटली?"

"खिशाएवढी."

ती दादाकडे पाहू लागली. दादानं इस्त्रीची वायर उगाचच सरळ केली.

"माझी नाहीये ती," पोरगी म्हणाली. "म्हणजे, माझ्यासाठी आहे, पण माझी नाहीये."

"सरळ सांग."

"नवीन आली की खांब करावा लागतो. तळ्यात एक खांब आहे. आमच्या कोच बाई संध्याकाळी खोलीत आवरायला गेल्या की नवीननं एका दमात प्यायचं आणि खांबाला हात लावून परत यायचं. बाकीच्या काठावर पितात."

"किती लांब आहे?"

"पोहले तर काहीच नाही."

"पिऊन?"

पोरीनं बाहीची दुमड सोडली, पुन्हा घातली.

"याआधी कधी प्यायलीस?"

"नाही."

"आणि नाही म्हणालीस तर?"

"काही करत नाहीत. नुसतं बोलत नाहीत. जेवायला बसले की ताटं उचलून दुसरीकडे जातात." तिनं मावशीचा हात धरला. "बाबांना सांगू नका हं. पोहणंच बंद करतील. बाईंनाही नको. चार खिसे आहेत आणि नवी मी एकटी. मीच फोडलं, हे शेंबड्या पोरालाही कळेल."

दादा म्हणाला, "बाळा, गार पाणी आणि ती, दोन्ही एकदम अंगात गेली की हातपाय आपले राहत नाहीत. मी फुटपाथवर पडायचो, म्हणून उठलो. तू कुठे पडशील?"

पोरगी रडली नाही. जॅकेटाची चेन वर-खाली करत राहिली.

मावशी बिनखिशाच्या आठ जॅकेटांकडे बघत होती, सात टेबलावर आणि एक पोरीच्या अंगात.

"दादा, अस्तर किती उरलंय?"

"असेल की मीटरभर. का?"

"इस्त्री तापव. आणि तू घरी जा ग, जेव, आणि सगळ्यांबरोबर बसपाशी ये. तू आज इथे आलीसच नाहीस. बाही मी अंदाजानं केली."

अडीच तास मशीन थांबली नाही. दादा घड्या पाडून द्यायचा, मावशी शिवायची. दोनदा सुई तुटली. पावणेचारला बाराव्या खिशाचा दोरा तोडून मावशी उठली, तेव्हा तिची बोटं आखडली होती. जाताना तिनं शिवणाच्या डब्यातल्या चार छोट्या कात्र्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि दारामागची पत्र्याची बादली दादाच्या हातात दिली.

"ही कशाला?"

"चल तू."

क्लबच्या आवारात बस उभी होती, इंजिन चालू. मुली पिशव्या घेऊन कट्ट्यावर बसल्या होत्या. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या बाई यादी बघत होत्या.

"आणलीत का मावशी? आम्हाला वाटलं टॉवेल गुंडाळून जावं लागतंय."

मावशीनं जॅकेटं कट्ट्यावर ठेवली आणि एकेक करून उलटी केली. बारा निळ्या अस्तरांवर बारा खिसे.

"हे काय? आम्ही सांगितले नव्हते."

"मी शिवले," मावशी म्हणाली. जन्मात इतक्या माणसांपुढे ती बोलली नव्हती. "दारूच्या चपट्या बाटलीच्या मापाचे आहेत. न विचारता शिवले, चूक माझी. कुणी सांगितलं ते मी सांगणार नाही. आता बाराही सारखे आहेत, ओळखूही येणार नाही."

कॅप्टन मुलगी बुटाची नाडी बांधत होती, ती बांधतच राहिली.

"कोण आहे ग?" बाई मुलींकडे वळल्या. "कोण ते उभं राहा."

"बाई, थांबा. तळ्यातला खांब ठाऊक आहे तुम्हाला?"

बाईंचा चेहरा बदलला. राग गेला आणि त्या जागी जे आलं ते पाहून मावशीच दचकली.

"आमच्या वेळीही होता," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, आता कुणी करत नसेल."

"तुम्ही विचारलं नाहीत. मीही विचारलं नाही."

दादानं बादली बसच्या मागे ठेवली. मावशी मुलींना म्हणाली, "आम्ही तिघं पाठ करून उभे राहतो. जिच्याकडे जे असेल ते तिनं बादलीत टाकावं. एकेकीनं बसला वळसा घालून यायचं, सगळ्याच बाराजणींनी."

"आणि मी मागे वळून पाहणार नाही," बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी त्यांनीच पाठ केली. ड्रायव्हरनं न सांगता इंजिन बंद केलं.

पावलं गेली. काही नाही. दुसरी गेली, तिसरी. मग पत्र्यावर धप्प आवाज झाला.

एक, मावशीनं मनात म्हटलं. तिच्या हिशेबानं चार व्हायला हवे होते. पुढे दोघी नुसत्याच फिरून आल्या. मग दुसरा. लगोलग तिसरा, काचेवर काच. त्यानंतर नुसती पावलंच. आठ, नऊ, दहा. दादानं तिचा दंड धरला होता, की तिनं त्याचा, कळत नव्हतं. अकरावी वळसा घालून आली, आवाज नाही. बारावी बसमागे गेली आणि थांबली. इतका वेळ थांबली, की मावशी वळून बघायच्या बेतात आली.

धप्प.

चार. आणि मग, त्याच ठिकाणाहून, आणखी एकदा. धप्प.

पाच. खिसे मागणाऱ्या तर चौघीच होत्या. हिच्या पिशवीत दोन होत्या.

"मापात चुकले मी," ती दादाला पुटपुटली.

दादा बादलीकडे न बघता म्हणाला, "ओतून तू ये. मला नको सांगूस."

"तू इथेच थांब."

तिनं गटारात बाटल्या रिकाम्या केल्या, वास नाकात जाऊ नये म्हणून मान वळवून. परत आली तोवर बाईंनी बस रद्द केली होती आणि त्या बाराही घरी फोन लावत होत्या, एका आवाजात, एकच वाक्य: "सगळ्या मुली ठीक आहेत, पण तुम्ही या, मलाही काही कबूल करायचंय."

पालक येईपर्यंत वेळ होता. मावशीनं पदराच्या गाठीतून कात्र्या काढल्या आणि कट्ट्यावर ठेवल्या.

"चला, खिसे उसवा. शिवायला मी होते, उसवायला तुम्ही."

मुली गटागटानं टेकल्या. कॅप्टन सगळ्यांत शेवटी आली. डोळे लाल होते. बेकरीवाल्याच्या धाकटीशेजारी जागा होती, तिथेच बसली. दोघींत कात्री एकच होती.

"धागा तुटतच नाही, मावशी," धाकटी म्हणाली.

"दुहेरी शिवण आहे ती, सावकाश कर."

कॅप्टननं जॅकेटाचं दुसरं टोक ताणून धरलं.