टणक गादी

गादीवाल्याला घरात सगळे सुतळी म्हणत, ते त्याच्या अंगकाठीमुळे. गोळ्यांची सवय लागल्यावर तो आणखी वाळला, पण सुतळीपेक्षा बारीक नाव कुणाला सुचेना, म्हणून तेच राहिलं.

गोळ्या पाठदुखीच्या. दिवसभर वाकून गाद्या शिवणाऱ्याची पाठ दुखते, यात नवल नाही. पाठ दुखायची थांबली, गोळ्या थांबल्या नाहीत. मग त्या लपवाव्या लागल्या, आणि लपवायला गादीसारखी जागा नाही. कोपऱ्याची शिवण थोडी उसवायची, पुडी कापसात सारायची, वरून टाके घालायचे. बायको त्याच गादीवर झोपायची.

दोनदा तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. माणसाने आपण होऊन जायला हवं असं डॉक्टरांचं म्हणणं, म्हणून दोन्ही केंद्रं त्यानेच निवडली. दोन्हीकडून तो होता तसाच परत आला, फक्त छान बोलायला शिकून. शेवटी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "सुटलात तर या. भाषण करायला येऊ नका."

तिसऱ्या खेपेला थोरली बहीण सोबत निघाली. ताई शाळेत गणित शिकवायची. निवृत्तीनंतर भावाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना शिस्त लावायची.

या खेपेला पाहिलेलं पहिलं केंद्र बंगल्यात होतं. पुढे हिरवळ, आत भिंतभर सूर्योदय. ताईने तिथल्या तरुण डॉक्टरला विचारलं, औषधं कोण देतं? रात्री डॉक्टर असतो का? घरी गेल्यावर पुढे काय? तिन्ही प्रश्नांना "सकारात्मक वातावरण" असं एकच उत्तर मिळालं.

इकडे सुतळी पलंगावर बसून गादीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. मशीनची शिवण कोपऱ्याशी संपली आणि वेडेवाकडे हातटाके लागले. नवशिक्याचं काम. शेजारच्या गादीलाही तसेच. इथे माल पोचत होता.

"ताई, हे बरं आहे," तो म्हणाला. "प्रसन्न वाटतं."

"दुसरं बघू, मग प्रसन्न हो."

दुसरं केंद्र एका लांबट जुन्या इमारतीत. ते चालवणाऱ्या बाई पूर्वी मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. "औषध आमच्यासमोर गिळायचं," त्यांनी सांगितलं. "डॉक्टर इथेच राहतात. सुटल्यावर दर आठवड्याला यायचं, नाही आलात तर आम्ही घरी येतो. आणि ताई, घरच्यांच्या बैठकीला तुम्हीही यायचं."

"मी कशाला? मी कुठे गोळ्या खाते?"

"तुम्ही यांच्यावर विश्वास ठेवता ना? ती सवय सोडवायची आहे."

सुतळीने तोवर चार पलंगांच्या गाद्या चाचपल्या. सगळीकडे अखंड शिवण, एक टाका हललेला नाही. तो उठून व्हरांड्यात आला.

"इथे नको."

"का?"

"गादी टणक आहे."

ताई जागच्या जागी थांबली. "काय आहे?"

"टणक. पाठीला लागेल."

"सुतळ्या, 'मऊ गादी पाठीची वैरीण, टणक घ्या, टणक घ्या' हे तुझं पालुपद ऐकून माझे कान किटले. गिऱ्हाइकं कंटाळून हो म्हणायची. आणि आज तुलाच टणक टोचते?"

"गिऱ्हाइकाचं वेगळं..."

"घरी फळीवर झोपतोस तू. बोल काय ते."

आधीच्या दोन केंद्रांत शिकलेली सगळी वाक्यं त्याच्या जिभेवर आली. मग भाषणाबद्दल बायको काय म्हणाली होती ते आठवलं. "त्या बंगल्यातल्या गाद्या उसवून शिवलेल्या आहेत," तो म्हणाला. "म्हणजे तिथे मिळतं. इथे नाही मिळणार."

ताईने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "आणि आधीची दोन केंद्रं?"

"तिथल्याही उसवलेल्याच होत्या."

"गाद्या बघून केंद्रं निवडलीस तू?"

"मला दुसरं काय कळतं?"

ताई कठड्यावर बसली. "निवड तूच करायची म्हणतात. कर. मी आता बोलत नाही." आणि ती खरोखरच गप्प राहिली. ते त्याला सगळ्यात जड गेलं. ओरडली असती तर भांडून बंगल्यात जाता आलं असतं. त्याच्या डोळ्यांसमोर ते वेडेवाकडे टाके येत राहिले. मग सासुरवाडीचं दार आलं, बंद असलेलं.

"इथेच," तो म्हणाला. "चल लवकर आत, नाहीतर मी फिरेन."

आत नाव-धंदा लिहून घेताना सिस्टर खूश झाल्या. "गादीवाले का तुम्ही? बरे सापडलात. कोठीत जुन्या गाद्यांचा ढीग पडलाय. जरा बरं वाटलं की उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा शिवायच्या."

सुतळीने ताईकडे पाहिलं.

"पिंजतो," तो म्हणाला. "सुई मात्र दुसऱ्याला द्या."

"का? हात थरथरतात?"

"नाही. चांगले चालतात, म्हणूनच."

सिस्टरनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि टेबलावरची सुईची डबी उचलून आपल्या खिशात टाकली.