सरळ मारलेला शिक्का

चिझुको मोरीच्या अंगात नम्रपणा इतका मुरला होता की तिचा शिक्कासुद्धा वाकायचा. जपानातल्या एका गावच्या शेतकी सोसायटीत तीस वर्षं कारकुनी केली, आणि कागदावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायची तो नेहमी साहेबांच्या शिक्क्याकडे जरासा कललेला. शिक्क्यानेही नमस्कार करायचा, अशी तिथली रीत.

आता ती निवृत्त होती आणि धाकटा भाऊ तोशिहारू चोरीपायी तुरुंगात. शिक्षेचं दीड वर्ष उरलेलं. पण पॅरोल मिळाला तर वसंतातच घरी येणार होता. त्यासाठी पॅरोल मंडळापुढे जाणाऱ्या कागदांत एक चिझुकोचा होता : याला मी घरात घेते, याच्यावर लक्ष ठेवते. तोच लंगडा पडला तर सुटका विसरायची.

कुरामोचीसान तो कागद वाचत बसले होते. हे गावातले निवृत्त न्हावी. सुटून येणाऱ्यांवर देखरेख करायला सरकारने नेमलेले, बिनपगारी. वाचता वाचता त्यांचा चष्मा कपाळावर गेला.

"'घर : लहान व गलिच्छ.' अहो बाई, तुमच्या या जमिनीवर भात सांडला तर उचलून खावा!"

"असं म्हणायची पद्धत असते ना."

"'भाऊ : मूर्ख, कुठल्याच कामाचा नाही. बहीण : अडाणी म्हातारी, हिच्याने काही व्हायचं नाही.' वा! त्याला सोडायचं राहू दे, हे वाचून तुम्हालाच आत घेतील."

चिझुको ओशाळली. "आपल्याच तोंडाने आपली थोरवी कशी सांगायची?"

"थोरवी कोण मागतंय? घर गलिच्छ म्हटलं की पाहुणा 'छे छे!' म्हणतो. कागद म्हणत नाही, तो खरंच धरून बसतो. मी घर पाहून माझा अहवाल देईनच, पण दोन कागदांचं भांडण नको. मंडळाला एवढंच कळू द्या : झोपेल कुठे, काम काय करेल, आणि पाऊल घसरलं तर कुणाला कळेल."

चिझुकोने कोरा कागद पुढे ओढला. झोपायची जागा : माडीवरची खोली, झाडलेली, गादी उन्हात घातलेली. 'काम' या रकान्याशी ती अडली. मग चपला घालून थेट मुळ्याचं लोणचं घालणाऱ्या हासेगावा नावाच्या माणसाकडे गेली आणि "पिंपं उचलायला माणूस हवा" असं त्याच्याकडून लिहून घेऊनच परतली. पाऊल घसरलं तर : जिना माझ्या खोलीतून जातो, माझी झोप सावध आहे.

शेवटचा रकाना राहिला होता : घरच्यांना त्याच्यापासून काही त्रास? पहिल्यांदा तिने लिहिलं होतं, 'काही नाही, आमचेच संस्कार कमी पडले.' आता तिने लिहिलं, 'आईचे किमोनो चोरून विकले. माझा राग गेलेला नाही. तरी घरी घेणार आहे.'

"राग खोडू का?" तिने विचारलं.

"खरा आहे ना? मग राहू द्या."

तिने शिक्का काढला. सवयीने हात कलला. तिने तो उचलला, मनगट ताठ केलं आणि शिक्का खांबासारखा सरळ मारला.

चेरीला कळ्या आल्या तेव्हा तोशिहारू घरी आला. चिझुको त्याला घेऊन शेजारच्या दारात कमरेत वाकून उभी राहिली.

"आमचा हा मूर्ख आलाय हो. कुठल्या कामाचा नाही. सांभाळून घ्या."

"छे छे!" शेजारीण म्हणाली.

चिझुको अर्धवट वाकल्या वाकल्याच हसली. "उद्या सहाला लोणच्याच्या कामावर जायचंय त्याला," ती म्हणाली, आणि भावाला पुढच्या घराच्या दाराकडे घेऊन निघाली.