अकरा नंबरचं बोअर

राजश्रीला काळे प्लॅस्टिकचे पाइप जोडायला शिकवलं ते तिच्या वडिलांनी, संपतरावांनी. कवठे येमाईच्या शिवारात नदीचं पाणी वरच्या रानात न्यायच्या पाइपलाइनी संपतरावांच्याच हातच्या. दोन्ही टोकं तापलेल्या प्लेटवर धरायची, मऊ झाली की प्लेट काढून एकमेकांवर दाबायची, आणि गार होईस्तोवर जोडाला हात लावायचा नाही. घाईनं जोडावर पाणी ओतणारे पुष्कळ; संपतरावांनी लेकीला ती सवय लागू दिली नाही. लग्न होऊन ती पाटसला गेली तेव्हा लोकांना वाटलं, सुटलं हे आता. तिनं दोन वर्षांत परीक्षा देऊन पाइप जोडणीचं प्रमाणपत्र घेतलं आणि एका ठेकेदाराकडे कामाला लागली.

गेल्या हिवाळ्यात ठेकेदारानं तिला शिक्रापूरजवळ एका नव्या इमारतीच्या कामावर पाठवलं. इथं पाइप शेतासाठी नव्हते. हीट पंप नावाचं यंत्र इमारतीतली उष्णता पाण्यात सोडणार आणि ते पाणी जमिनीत फिरून थंड होऊन परत येणार. त्यासाठी तीनशे फुटांची चोवीस बोअर. प्रत्येकात एक पाइप तळापर्यंत जाऊन, वळून वर आलेला. शेवटी बोअर मातीच्या घट्ट लगद्यानं बुजवायचं. एकदा गाडलेला पाइप पुन्हा हाती लागणार नाही, हे राजश्रीच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं.

दहा बोअर सरळ झाली. अकराव्याच्या पाइपात पाणी दाबून भरलं आणि प्रेशरचा काटा उतरू लागला.

साइटवरचा इंजिनिअर सत्यजीत म्हणाला की हा पाइप दाबानं ताणतो, काटा थोडा उतरणारच. ते खरं होतं, राजश्रीलाही ठाऊक होतं. तिनं पुन्हा दाब भरला आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत बसली. वरचे जोड बदलले, कोरड्या फडक्यानं पुसून पाहिले. ओल कुठंच नाही, पण काटा त्याच चालीनं उतरत राहिला. तोवर पलीकडे लगदा कालवून तयार झाला होता.

"ताई, लगदा आळून जाईल. एका बोअरपायी काम थांबवायचं का?" सत्यजीतनं विचारलं.

"साहेब, ताणाचा उतार हळूहळू थांबतो. ह्यो थांबंना. पाइप खाली कुठंतरी फुटलाय आन् आपण त्यो गाडाय निघालोय."

त्यानं लेखी मागितलं. तिनं वहीचं पान फाडून 'अकरा नंबर बुजवू नये' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग म्हणाली की दहा नंबर तपासून झालंय, बुजवायचं तेवढं राहिलंय, लगदा तिकडे वापरा. ते सत्यजीतला पटलं.

पाण्यानं भरलेला पाइप वर ओढायला सहाजण लागले आणि अख्खी दुपार गेली. लोक वैतागले होते. राजश्रीही दोर धरून होती. तिच्या तळहाताची साल निघाली, तरी तिनं जागा सोडली नाही. पाइप जमिनीवर पसरल्यावर ती ओल्या फडक्यानं तो पुसत निघाली. निम्म्याच्या जरा पुढे एक लांब ओरखडा लागला, आणि त्याच्या टोकाला बोटभर, केसाएवढी चीर.

बोअर मशीनवाले म्हाळूआप्पा तीस वर्षं याच धंद्यात होते. ते बोअरच्या तोंडाशी गेले आणि तिथल्या लोखंडी केसिंगच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कापलं.

"कड घासायची माझ्याकडनं राहिली, पोरी," ते म्हणाले.

तेवढी चीर कापून मधे जोड मारावा, असं कुणीतरी सुचवलं. बोअरच्या आत मधेच जोड नको, म्हणून राजश्रीनं नवा, अखंड पाइप मागवला. तो येईपर्यंत म्हाळूआप्पांनी उरलेल्या सगळ्या केसिंगच्या कडा स्वतः कानशीनं घासल्या. त्यानंतर राजश्रीनं काटा पाहिल्याशिवाय एकही बोअर बुजवायचं नाही, असं सत्यजीतनं सगळ्यांना सांगून टाकलं.

एप्रिलच्या उन्हात यंत्र सुरू झालं. साहेबलोक वरच्या हॉलमध्ये गारवा बघायला जमले होते. राजश्री खाली पंपाच्या खोलीत गेली आणि दोन्ही मुख्य पाइपांवर हात ठेवून उभी राहिली. जमिनीत जाणारा कोमट लागला, परत येणारा गार.