आप्पांच्या गाडीचं स्टेअरिंग

माझे सासरे गाडी वळवायला लागले की बघायला माणसं थांबायची. तळेगाव ढमढेऱ्यात बाजाराच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं घर, आणि घरापुढचा बोळ असा की छोटी गाडीसुद्धा दोनदा मागंपुढं केल्याशिवाय आत येत नाही. आप्पांची गाडी तर लांबलचक. लांब बॉनेट, बसकी बांधणी, मोठं पेट्रोल इंजिन. सुरू झाली की स्वयंपाकघरातले डबे थरथरायचे. आप्पा सदऱ्याच्या बाह्या वर सारायचे, सीटवर जरा पुढं सरकायचे आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंगला असे भिडायचे की मानेच्या शिरा दिसायच्या. चार-पाच वेळा मागंपुढं करून गाडी आत शिरली की कुणीतरी म्हणायचंच, "आप्पा, तुमच्याबिगर ही कुणाला हालायची न्हाई." ते ऐकायला आप्पांना आवडायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हाच ती गाडी जुनी झाली होती. मी केंदूरच्या शाळेत शिक्षिका. आमची दुसरी एक छोटी गाडी आहे, ती मी रोज चालवते. आप्पांच्या गाडीत मात्र ड्रायव्हरच्या जागी एकदाच बसून बघितलं होतं. उभ्या गाडीचं स्टेअरिंग माझ्याच्यानं वीतभरही फिरलं नाही. आप्पा हसले, मीही हसले, आणि विषय तिथंच संपला.

दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीवरचं झाकण उचलताना आप्पांचा उजवा खांदा गेला. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू फाटलाय, या वयात ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका, पण या हातानं जोर लावायचा नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाडी?" डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही." गिअर टाकायला डावा हात गेला की स्टेअरिंग उजव्याच हाताच्या भरवशावर असतं. आप्पांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी रोज सकाळी ते गाडीवरची ताडपत्री काढायचे, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि परत झाकून टाकायचे. एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले, तर आप्पा गाडीत बसलेले. डाव्या हातानं स्टेअरिंग ओढत होते. जरासं फिरलं, मग हात सुटला. पुन्हा ओढलं, पुन्हा सुटला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसतेच बसून राहिले. मी फाटकाबाहेरच थांबले. मी बघितलंय हे कळलं असतं तर त्यांना ते सहन झालं नसतं.

माझा नवरा रांजणगावच्या कारखान्यात आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं, विकून टाकू, अशा गाड्यांचे शौकीन पुण्यात पुष्कळ आहेत. आप्पा म्हणाले, "मी गेल्यावर इका."

माझं माहेर खुटबावचं. माझ्या भावानं त्याच्या जुन्या ट्रॅक्टरला दौंडच्या एका मिस्त्रीकडून पॉवर स्टेअरिंग बसवून घेतलं होतं. मी फोनवर सहज विचारलं, "हे मोटारीला होतं का रे?" भाऊ म्हणाला, "ट्रॅक्टरला होतंय तर मोटारीला का न्हाई?"

आप्पांना सांगितलं तर ते भडकलेच. "एका बोटानं फिरवायचं म्हंजी काय गाडी चालवनं झालं? रस्ता हाताला लागाया पायजे."

"आत्ता लागतोय का हाताला?" मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं आणि मग वाटलं, बोलायला नको होतं.

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "कवा जायाचं म्हन्ती?"

मे महिन्याची सुट्टी होती. नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी, घामाघूम होत, गाडी दौंडला नेऊन सोडली आणि तो एसटीनं परत गेला. मी आणि आप्पा खुटबावला राहिलो. रोज सकाळच्या रेल्वेनं आम्ही दौंडला जायचो. खरं तर आमची तिथं काही गरज नव्हती, पण गाडी परक्याच्या हातात सोडून घरी बसणं आप्पांना जमणारं नव्हतं, आणि त्यांना एकटं सोडणं मला.

मिस्त्री पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्याचे वडील रेल्वेत फिटर होते. पत्र्याची शेड, पुढं कडुलिंब, त्याच्याखाली दोन खुर्च्या. त्यानं गाडीखाली सरपटत जाऊन सगळं बघितलं आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "आप्पा, ह्या गाडीच्या शेवटच्या मॉडेलांना कंपनीचंच पॉवर स्टेअरिंग येत व्हतं. भंगारात तसला स्टेअरिंगचा बॉक्स आन् पंप मिळाला तर सोनंच. इंजिनावर पंप बसवायचा, पट्ट्यानं फिरवायचा, तेलाच्या दाबानं चाक वळतंय. फार काही न्हाई."

मग जरा थांबून म्हणाला, "तवा बी जुन्या गाडीला बसवून मिळायचं की. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

आप्पांनी रस्त्याकडं बघितलं. "आसंल," म्हणाले. ज्या गोष्टीची त्यांना बारीकसारीक माहिती असते, तिच्याबद्दल ते असं तुटक कधीच बोलत नाहीत. मला ते खटकलं.

बॉक्स सापडायला पाच दिवस लागले. तो साफ करून, सील बदलून बसवायला आणखी तीन. जुना बॉक्स खाली उतरवला तेव्हा आप्पांनी तो मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्यावरची माती आणि ग्रीस काडीनं खरवडत बसले.

सगळं जोडून झाल्यावर मिस्त्रीनं गाडीची पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, तेल भरलं आणि इंजिन सुरू केलं. पंप घरघरायला लागला, तेलाला फेस आला. मी घाबरले. मिस्त्री म्हणाला, "आत हवा हाय, दुसरं काही न्हाई. ताई, तुम्ही बसा आन् स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मी वर तेलाकडं बघतो."

मी बसले. मागच्या वेळची आठवण ठेवून दोन्ही हातांनी जोर लावायच्या तयारीत होते. स्टेअरिंग पाण्यात हात फिरवावा तसं फिरलं. एका टोकाला गेलं, परत आलं, दुसऱ्या टोकाला गेलं. थोड्या वेळानं घरघर कमी झाली. मी एकाच हातानं फिरवत होते आणि मला हसू येत होतं. "आप्पा, बघा ना!" म्हणून मी मान वळवली. आप्पा कडुलिंबाखाली उभे होते. ते स्टेअरिंगकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

मग ट्रायल. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मिस्त्री आप्पांच्या शेजारी, मी मागं. सरळ रस्त्यावर ठीक चाललं होतं. पहिल्याच वळणावर आप्पांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं अंगातला सगळा जोर लावला. गाडी झपकन आत वळली आणि पुढचं चाक डांबर सोडून खाली मुरमात उतरलं. आप्पांनी ब्रेक दाबला. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही, पण आप्पांनी स्टेअरिंगवरचे हात काढून घेतले.

"ही आता माजं ऐकत न्हाई," ते म्हणाले.

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "पंपाचा दाब थोडा कमी करून देतो. स्टेअरिंग जरा जड लागंल, तुमच्या सवयीचं."

आप्पा खाली उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले. "नगं," म्हणाले. "हाय तसंच राहू द्या. पोरगीला चालवायचीय." आणि मला म्हणाले, "बस म्होरं."

दुसऱ्या दिवशी तळेगावपर्यंत मी गाडी चालवत आणली. चौफुल्याला ट्रकांच्या गर्दीतून एवढी मोठी गाडी काढताना भीती वाटत होती, पण हातांना त्रास नव्हता. आप्पा शेजारी बसून समोर बघत होते. एरवी ते शेजारी बसले की ब्रेक कुठं मारायचा, गिअर कधी टाकायचा, सगळं सांगतात. त्या दिवशी गप्प. पारगावच्या पुलावर पुढं उसाची ट्रॉली होती. मी तिच्या मागं हळूहळू जात असताना ते बोलायला लागले.

"तुज्या सासूला शिकायची व्हती."

"काय?"

"गाडी. घेतली त्याच वर्षी म्हनली, मला शिकवा. बैलगाडी हाकायची ती, नांगर धरायची. कशाला भ्यायची न्हाई. मळ्यातल्या वाटंवर बसवली तिला. तिला वळवंना. मी हसलो. हसलो ते हसलो, बाजारात चार जनांना सांगितलं बी. परत न्हाई म्हनली ती."

ट्रॉली पुलाच्या मध्यावर होती.

"मग पुन्याच्या ग्यारेजवाल्यानं इचारलं, पावर स्टेरिंग टाकू का, आता मिळतंय. ती मागं बसल्याली. मी म्हनलो, आमाला नगं. तिनं ऐकलं ते."

"का नको म्हणालात, आप्पा?"

पूल संपला तेव्हा म्हणाले, "हलकी झाली आस्ती तर तिनं चालवली आस्ती."

'जाऊ द्या आप्पा, जुनं झालं' असं म्हणणं सोपं होतं, आणि त्यांना बहुधा तेच हवं होतं. माझ्या तोंडून ते आलं नाही. मला सासूबाई आठवत होत्या. माझ्या लग्नानंतर त्या सहा वर्षं होत्या. मी छोटी गाडी काढली की त्या पुढं माझ्या शेजारी बसायच्या आणि रस्त्याकडं कमी, माझ्या हातांकडं जास्त बघायच्या. मला वाटायचं, भीत असतील. मी म्हणायचे, "घाबरू नका, सावकाश नेते." त्या म्हणायच्या, "न्हाई गं, भीत न्हाई." मी कधी विचारलं नाही की मग काय बघताय. मी तरी कुठं शहाणी होते? गाडी काय, पुष्कळ गोष्टी मी त्यांना शिकवू शकले असते. त्यांना काय हवंय हे विचारायचं असतं, हे मलाही सुचलं नव्हतं.

आप्पांवर राग आला का? आला. शिक्रापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत होता. मग त्यांच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडं लक्ष गेलं. वळण आलं की तो हात आपोआप आवळत होता. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं होतं. त्यांना माफ करायचा हक्क माझा नव्हता. तो सासूबाईंचा होता, आणि त्यांना हे सांगायला फार उशीर झाला, हे आप्पांनाही ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा मला सांगितलं.

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी आप्पांनी ताडपत्री काढली आणि मला हाक मारली. "ही कशी धरायची, ते दाव मला."

गावाबाहेर एक मोकळं माळरान आहे. दर रविवारी सकाळी आम्ही तिथं जायला लागलो. ते स्टेअरिंगवर, मी शेजारी. "मुठी सोडा, आप्पा," मी सारखी म्हणायचे. "बोटांनी धरा. जोर नको, नुसतं सांगा तिला." ते चिडायचे, गाडीला बोलायचे, मला बोलायचे. चार रविवार गाडी नागमोडी चालली. पाचव्या रविवारी त्यांनी गाडीनं आठचा आकडा नीट काढला, आणि मी टाळ्या वाजवल्यावर "पोरखेळ नगं" म्हणून दटावलं.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी हात तपासला आणि जवळपास, हळू, दिवसाउजेडी एवढी परवानगी दिली. बाजारात आणि लांब मीच गाडी नेते. आप्पा सकाळी डेअरीपर्यंत जाऊन येतात, तेवढंच. गेल्या आठवड्यात आले ते सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "आज शेरडू आडवं आलं," म्हणाले.

"मग?"

"वळली की." एवढं म्हणून ते हात धुवायला मोरीकडं गेले, आणि मी चहाला आधण ठेवलं.