शिट्टीवर येणारी बाई

पहिली शिट्टी वाजली तेव्हा मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, कुत्र्याला बोलावतोय.

कुत्रा आलाच. कँटीनच्या सावलीत पडलेला टायगर उठला आणि शेपूट हलवत सुपरवायझरच्या पायापाशी जाऊन उभा राहिला. मग दुसरी शिट्टी. मी माल वाहणाऱ्या पट्ट्याखाली वाकून सांडलेलं खनिज पाटीत भरत होते. शेजारच्या सत्यभामाने मला कोपर मारलं. "अगो, तुका बोलयता," ती म्हणाली. मी पाटी टाकून पळत गेले.

सुपरवायझरच्या हातात उंडा होता, आमच्याकडचा गोल पाव. त्याचा तुकडा मोडून त्याने टायगरपुढे टाकला. मग माझ्याकडे बघितलं.

"कुत्र्याक कळटा, तुका कळना? शिट्टी म्हळ्यार तूं. समजलें?"

फिटर उभे होते, वजनकाट्यावरचा कारकून उभा होता. सगळे हसले. मीही हसले. पहिलाच दिवस होता आणि मला काम हवं होतं.

मी दोडामार्गाकडची. नवरा खनिजाच्या ट्रकवर क्लिनर, म्हणून लग्न होऊन डिचोली तालुक्यात आले. मांडवीच्या काठी एका मायनिंग कंपनीचा प्लॉट होता. खाणीवरून ट्रक यायचे, खनिजाचे डोंगर रचले जायचे, मग पट्ट्यावरून तो माल जेटीकडे जायचा आणि बार्जमध्ये पडायचा. वाटेत जो खाली सांडायचा तो भरून पुन्हा पट्ट्यावर टाकायचा, हे आम्हा बायकांचं काम. भरला नाही तर ढीग वाढत रोलरला टेकायचा आणि पट्टा अडायचा. एवढी मोठी यंत्रं, आणि त्यांचं घोडं आमच्या पाटीवर अडलेलं. पण हे आमच्या डोक्यात यायला बराच वेळ लागला.

प्लॉटवर माणसांच्या तीन जाती होत्या. परमनंट, कंत्राटी आणि रोजंदार. परमनंट माणसाला आडनावापुढे 'बाब' लावून हाक. कंत्राटी माणसाला त्याच्या कंत्राटदाराच्या नावाने हाक, अमक्याचा ये, तमक्याचा ये. आम्हा रोजंदार बायकांना शिट्टी. सकाळी परमनंट लोकांची हाजिरी व्हायची. नाव पुकारलं की तो माणूस छाती काढून 'हजर' म्हणायचा. आमची हाजिरी नव्हती, मोजणी होती. आम्ही गेटबाहेर उभ्या राहायचो. सुपरवायझर शिट्टीचं टोक एकेकीवर रोखायचा. ही, ही, ती नको, ही. झाली निवड. ज्या बाईने आदल्या दिवशी उलट उत्तर दिलं असेल तिच्यावरून टोक पुढे सरकायचं आणि ती तशीच घरी जायची.

कुत्र्याला नाव होतं. आम्हाला नव्हतं.

त्या सुपरवायझरचं नाव मी इथे घेणार नाही. त्याची अब्रू झाकायची म्हणून नाही. माझं नाव त्याच्या तोंडी कधी आलं नाही, तर त्याचं माझ्या तोंडी का यावं? शिट्टीवाला म्हटलं की पुरे.

एकदा धीर करून मी त्याला विचारलं होतं, नावाने का बोलवत नाही म्हणून. म्हणाला, मशिनीच्या आवाजात नाव ऐकू येत नाही. त्याच मशिनीच्या आवाजात तो फिटरला "ओ नायकबाब" म्हणून हाक मारायचा आणि नायकबाबांना ती स्वच्छ ऐकू जायची. त्यांचे कान परमनंट होते, दुसरं काय.

शाळेत सातवीपर्यंत मास्तर रोज माझं नाव पुकारायचे आणि मी हजर म्हणायची. शाळा सुटली तसं ते सुटलं. तुम्ही म्हणाल पगार, रजा, बोनस. ते सगळं मला हवंच होतं, मी काही साध्वी नव्हे. पण रात्री अंथरुणावर पडलं की मला एवढंच दिसायचं, की हाजिरीवाला माझं नाव पुकारतो आहे आणि मी सगळ्यांच्या देखत हजर म्हणते आहे. त्यासाठी परमनंट व्हायचं होतं. त्यासाठीच मी शिट्टीवर धावत राहिले, इतर बायकांपेक्षा जास्त जोरात. जेवताना घास टाकून धावले. एकदा प्लॉटवरच्या न्हाणीतून ओल्या केसांनी धावले. तो हसायचा. "ही बायल बरी शिकली," म्हणायचा.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून सगळा गोवा पेटला होता. रस्ते अडत होते, मोर्चे निघत होते, एका घरातली माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. आमच्या ऑफिसातही दोन तट. मायबोलीचा अपमान सहन करणार नाही, असं दोन्हीकडचे साहेब टेबलावर मूठ आपटून सांगायचे. पाणी भरायला गेलं की कानावर पडायचं. आणि दोन्हीकडच्या साहेबांना चहाचे कप उचलायला बाई हवी असली की दोघेही खिडकीतून शिट्टीवाल्याला खूण करायचे. शिट्टी वाजायची. शिट्टीची मायबोली कुठली, ते मी त्यांना विचारायला हवं होतं.

त्याच सुमाराला कंपनी काही बायकांना परमनंट करणार असं कळलं. मुलाखत ठरली. सत्यभामाची आणि माझीही. सत्यभामा माझ्याहून किती तरी आधीपासून त्या पट्ट्याखाली वाकत आलेली. मी ठेवणीतलं लुगडं नेसले, आबोलीचा वळेसर माळला. नवरा म्हणाला, "आज तुका सायबीण म्हणाक व्हया." मी लाजले.

मॅनेजरच्या केबिनमध्ये तिघे बसले होते. मधे मॅनेजर, एका बाजूला कोकणीवाला साहेब, दुसऱ्या बाजूला मराठीवाला. शिट्टीवाला दाराशी उभा. मराठीवाल्याने विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती?" मी तोंड उघडायच्या आत कोकणीवाला म्हणाला, "तिका कोंकणींतल्यान विचार रे. हें गोंय." मी माझ्या बोलीत सातवी म्हणून सांगितलं. झालं. माझी बोली कोकणी की मराठी यावरच दोघांची जुंपली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसरी नुसती उभी. मला कामाचं काय येतं, हे एकानेही विचारलं नाही.

शेवटी मॅनेजर कंटाळला. शिट्टीवाल्याकडे वळून म्हणाला, "कामाक कशी?"

"एके शिट्टेंत येता, सर."

"खरेंच? पळोवया तर." म्हणजे बघूया.

भांडणारे दोघे हसले. तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली. शिट्टीवाला मला म्हणाला, जा, जेटीकडच्या टाकीपाशी जाऊन उभी राहा, शिट्टी मारली की ये. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हीच माझी मुलाखत होती.

मी गेले. टाकीपाशी पोचले आणि नदीकडे तोंड करून उभी राहिले. पट्ट्याखालून बायका बघत होत्या. सत्यभामा पाटी डोक्यावर तशीच धरून उभी होती.

शिट्टी वाजली.

माझी टाच उचलली गेली. मी उचलली नाही, तीच उचलली गेली. अंगाला वळण लागलं होतं, मन कुठे का असेना. त्या उचललेल्या टाचेची मला किळस आली. ही माझी टाच? ही त्याची आहे. मी ती टाच खाली टेकवली. जोराने टेकवली. पायाखालची लाल भुकटी बोटांत शिरली.

दुसरी शिट्टी. मी बार्जकडे बघत राहिले. तिसरी लांबलचक, फुप्फुस फाटेपर्यंत. मी हलले नाही. राग असा आला होता की मला नदीत उभी केली असती तर पाणी उकळलं असतं.

आणि टायगर धावला. कँटीनकडून निघाला तो थेट ऑफिसच्या पायऱ्या चढून केबिनमध्ये. मी वळून बघितलं ते तेव्हा. उघड्या दारातून दिसत होतं, कुत्र्याने पुढचे दोन्ही पाय मॅनेजरच्या टेबलावर टेकले होते आणि तो उंडा मागत होता.

शिट्टी बंद झाली. मग मी निघाले. माझ्या चालीने, पदर नीट करत. दारात उभी राहिले आणि तिघांना सांगितलं:

"तुमचो माणूस इलो. तेका परमनंट करा. माका नाव आसा. नावान हाक मारा, मगे येयन."

मी ठेवणीतल्या लुगड्यातच घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून शिट्टीचं टोक माझ्यावरून पुढे सरकू लागलं. आजूबाजूच्या प्लॉटवरही सांगावा गेला होता, ही भायली, बाहेरची बाई घेऊ नका. नवरा चिडला. म्हणाला, "शिट्टी तर शिट्टी. तुझा काय जात होता?" ज्याला क्लिनर म्हणूनच लोक हाक मारतात त्याला काय सांगायचं?

पण मी रोज सकाळी गेटवर जायची. काम मागायला नाही. रस्ता सरकारचा, मला कोण हाकलणार? शिट्टीवाला टोक रोखायचा आणि मी रस्त्यावरून मोठ्याने नाव पुकारायची. शेवंती. रुक्मिणी. जयवंती. सत्यभामा. शाळेतल्या मास्तरांसारखं, एकेक अक्षर सुटं. सुरुवातीला बायका खाली मान घालून आत जायच्या. मला वाटायचं, वेड्यात काढतात मला. मग एक दिवस सत्यभामा गेटात थांबली, माझ्याकडे नाही, शिट्टीवाल्याकडे बघून म्हणाली, "हजर." म्हातारीचा आवाज असा खणखणीत असेल असं मला वाटलं नव्हतं. तिलाही त्या मुलाखतीत नापास केलं होतं, वय झालं म्हणून. वय कुठे गेलं, ते पट्ट्याखालीच ना?

पुढचं आम्ही विहिरीवर ठरवलं. संप करायचा नाही. संप म्हटलं की पोलीस येतात. शिट्टी वाजली की खाली बसायचं, एवढंच. नावाने हाक मारली की उठायचं.

बार्ज लागलेली असताना हे केलं. मी गेटाबाहेर होते, तिथून पट्टा दिसतो. शिट्टी वाजली आणि सगळ्या बायका जिथल्या तिथे बसल्या. पुन्हा वाजली, कुणी हललं नाही. माल सांडत होता. ढीग चढत गेला, रोलरला टेकला, पट्टा थांबला. जेटीवरून बार्जचा तांडेल ओरडत होता, भरतीचं पाणी ओसरलं तर अर्धी भरलेली बार्ज गाळात बसेल. शिट्टीवाला एकीपुढून दुसरीपुढे धावत होता. हाक काय मारणार? एवढी वर्षं त्यांच्यावर शिट्टी फुंकली, एकीचंही नाव त्याला येत नव्हतं.

शेवटी तो गेटावर आला. माझ्याकडे. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, शिट्टी गळ्यात लोंबत होती.

"तिचें नांव कितें गो? ती कोनशांतली?"

आयुष्यात मला एवढा आनंद कधी झाला नाही. लग्नात नाही, पोर झालं तेव्हा नाही. लोक म्हणतात सूड गोड लागत नाही. ज्यांनी चाखला नाही त्यांनी म्हणावं.

"शिट्टी मारून इचार तिका," मी म्हटलं.

बार्ज त्या भरतीला सुटली नाही. शिट्टीवाल्याला एकेकीपुढे उभं राहून नाव विचारावं लागलं, आणि बायकांनी नाव सांगताना बापाचं, नवऱ्याचं, गावाचं, सगळं सांगितलं, सावकाश. त्यानंतर प्लॉटवर बायकांना शिट्टी वाजली नाही.

मॅनेजरने सत्यभामाकडून मला निरोप पाठवला. कुत्र्याबद्दल जे बोललीस त्याची माफी माग, परमनंट करतो. हाजिरीला नाव लागेल. जे मला रोज अंथरुणावर दिसायचं, तेच. नवरा म्हणाला, "एक सॉरी म्हण. तोंड झिजाचा नाय." मी निरोपाला उत्तर पाठवलं नाही. माफी कुणी मागायची, हे त्यांना अजून कळलं नसेल तर ते नाव पुकारून काय उपयोग? सत्यभामा मात्र परमनंट झाली, भांडून झाली. मी नाही झाले. त्याचं दुःख आहे. नाही म्हणणार नाही.

पुढे भाषेचा कायदा झाला, मग गोव्याचं वेगळं राज्य झालं. साहेबांनी लाडू वाटले. मी डिचोलीच्या बाजारात तांबडी भाजी आणि मुळे घेऊन बसू लागले. अजून बसते.

गेल्या बाजारी मी पाठमोरी होते, जुड्यांवर पाणी शिंपडत होते. मागून कुणी तरी नावाने हाक मारली. माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आवाज म्हातारा झाला होता, पण ओळखला. शिट्टीवाला. रिटायर झालाय. सुनेला कुठे तरी चिकटवायची होती आणि प्लॉटवरच्या बायकांत माझा शब्द चालतो, असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली. मऊ आवाजात. पुढे 'बाय' लावून.

शेजारची भाजीवाली म्हणाली, "अगो, तुका बोलयता."

मला ऐकू येत होतं. टाच जमिनीवर होती, तिथेच राहिली. सुनेचं मी बघेन, तिने काही केलेलं नाही. ती स्वतः येऊ दे आणि आपलं नाव सांगू दे. पण त्याच्या शिट्टीला वळले नाही आणि त्याच्या हाकेलाही वळणार नाही. माझ्या पाटीतली एक जुडी त्याच्या घरात जाणार नाही. तो तिसऱ्यांदा हाक मारत होता आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाला मुळे देत होते.