विठूच्या नावाचा दिवा

माझे धाकटे दीर काशीराम यांची दापोलीजवळच्या मुरुडात भाड्याची ॲम्बेसेडर होती. माणूस घुमा, पण गाडीशी बोलायचा. बायको चिमा गेल्यावर तर गाडीशीच. मी म्हणायची, "भावजी, एकदा तिला जेवायलाही वाढा." ते हसायचे. तेव्हा हसायचे.

मुलगा विठू बोटीवर खलाशी. आमच्या घरात बोटीवर गेलेल्याच्या नावाने देवापुढे दिवा ठेवतात. तो परत येईस्तोवर विझू द्यायचा नाही. घरात तेल घालायला बाई उरली नाही, म्हणून विठूने जाताना गाडीतल्या गणपतीपुढे लाल बल्ब लावला. म्हणाला, "बाबा, तुम्ही तसेही इथेच असता."

चौऱ्याऐंशी साली बोट बुडाल्याची तार आली. विठू सापडला नाही. भावजींनी त्याचे दिवस करू दिले नाहीत. भाडी घेणंही जवळजवळ सोडलं.

मग गाडी रुसली. सकाळी चावी फिरवली की नुसतं टक्. नवी बॅटरी घातली, तीही उतरली. दापोलीचा मिस्त्री डायनामो बघून गेला, काही सापडलं नाही. ढकलायला माणसं म्हणाल तर सगळे बापये मुंबईला. उरलो आम्ही म्हाताऱ्या.

माझी सून गोदा तेव्हा दिवस भरलेली. तिचं पहिलं मूल एसटीची वाट बघताना गेलेलं. मी भावजींना म्हटलं, "या खेपेला गाडी हवीच."

गाडी ठेवायच्या मांगरात त्यांनी बॅटरीची एक वायर सोडवली आणि मधे बल्ब जोडला. गाडी बंद, तरी तो मिणमिणला.

"कोणीतरी आत वीज खातंय. मी फ्यूज काढतो. बल्ब विझला की सांगा, वहिनी."

एक काढला. "विझला?"

"नाही."

दुसरा काढला. "आता?"

"तुमच्याइतकाच हट्टी आहे."

हसले नाहीत. मी काचेतून आत पाहिलं. गणपतीपुढचा लाल दिवा जळत होता. इतके दिवस सगळ्यांनी त्याला हात जोडले होते, मिस्त्रीनेसुद्धा. देवाच्या दिव्याचा खर्च कोण धरतो? पूर्वी गाडी रोज पळायची, बॅटरी भरत राहायची. आता गाडी उभी आणि दिवा रात्रंदिवस चालू.

"भावजी, आत बघा."

बघितलं नाही. "तो नव्हे, वहिनी."

"तोच आहे. गोदाला दापोलीस चालवत नेऊ का?"

काढलेले फ्यूज त्यांनी एकेक करून परत बसवले. मग म्हणाले, "तुम्ही काढा."

मी दिव्याची वायर ओढली. मधला बल्बही विझला.

बॅटरी दापोलीहून भरून आणली. गोदाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी पहिल्याच चावीला उठली. दापोलीच्या दवाखान्यात नात झाली, दोघी सुखरूप. भावजींनी बाळाला दारातूनच पाहिलं. घरी परतताना मला विचारलं, "विठूचे दिवस करायचे तर भटाला काय काय सांगावं लागतं?"

मी म्हटलं, "आता बाळाचं सोयर आलंय. ते फिटू द्या आधी."

"फिटू दे," म्हणाले. "घाई कुठे आहे."

मला दारात सोडलं. स्वतः मात्र गाडीतच बसून राहिले, काळोख पडला तरी.